तंबूतील चोरी आणि मनातील संशय

पावसाळा ओसरून दिवाळीची सुटी लागली की महाराष्ट्रातील तरुणांची पावले सह्याद्रीकडे वळतात. हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर, राजमाचीच्या परिसरात, पवना धरणाच्या काठी वा भंडारदऱ्याच्या जलाशयालगत रात्रीच्या मुक्कामासाठी तंबू पडतात. पुढे हिवाळ्यात महाविद्यालयांची शिबिरे सुरू होतात. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची निवासी शिबिरे तर महाविद्यालयीन जीवनाचा एक नेहमीचा भाग झाली आहेत. शहरातील चार भिंतींत वाढलेली मुले आठवडाभर खेड्यात राहतात, बंधारे घालतात, रस्ते झाडतात आणि रात्री शाळेच्या नाही तर देवळाच्या ओसरीवर सतरंज्या अंथरून झोपतात, ही गोष्ट सर्वथा स्वागतार्ह होय.

तथापि या मुक्कामांवरून परतणाऱ्यांच्या बोलण्यात एक तक्रार हटकून ऐकू येते. कोणाचा मोबाइल गेला, कोणाचे पाकीट गेले, कोणाचे नवे बूट तंबूच्या दारातून नाहीसे झाले, तर कोणाच्या पायथ्याशी उभ्या केलेल्या मोटारीची काच फुटली. ही हानी रकमेने फार मोठी नसते. वर्तमानपत्रांत तिला क्वचितच जागा मिळते आणि पोलिसांच्या दप्तरीही ती पुष्कळदा चोरी म्हणून नोंदली जात नाही. तेव्हा या विषयाची चर्चा या पानावर करण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी विचारील. प्रयोजन असे की, अशा प्रसंगी जी वस्तू जाते तिच्यापेक्षा अधिक मोलाचे असे काही तिच्यामागोमाग नष्ट होते; आणि ते नष्ट करण्याचे काम पुष्कळदा चोराला करावेच लागत नाही, ते आपणच करतो.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या शिबिरात व्याख्याता म्हणून जाण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला होता. गाव डोंगराच्या पायथ्याशी, शे-सव्वाशे उंबऱ्यांचे. मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत. शिबिराच्या चौथ्या दिवशी सकाळी एका विद्यार्थिनीचा मोबाइल सापडेना. व्हरांड्यात विजेचा एकच फळा होता आणि त्यावर आलटून पालटून पंधरा-वीस मोबाइल लावलेले असत. त्यांतला हा एक. तासाभरात सर्वांच्या पिशव्या उलट्यापालट्या करण्यात आल्या. त्यातून काही निघाले नाही तेव्हा कोणाच्या तरी तोंडून निघाले, की पहाटे ठाकरवाडीचा मुलगा दूध घेऊन आला होता. तेवढे पुरेसे झाले. कोणी आरोप केला नाही, कोणी शिवी दिली नाही. फक्त दोन शिक्षक आणि चार विद्यार्थी 'सहज चौकशीला' म्हणून वाडीवर गेले. मुलाच्या वडिलांनी काही न बोलता घरातील दोन्ही पेट्या अंगणात आणून उघडल्या.

मोबाइल सहाव्या दिवशी सापडला. आदल्या रात्री अवकाळी पावसाचा शिडकावा झाला तेव्हा व्हरांड्यातील सतरंज्या घाईघाईने गुंडाळून आतल्या खोलीत टाकण्यात आल्या होत्या. त्यांतल्या एकीच्या घडीत तो होता. शिबिरात आनंदीआनंद झाला. समारोपाच्या भाषणांत ग्रामस्थांच्या सहकार्याबद्दल आभारही मानले गेले. वाडीवर मात्र पुन्हा कोणी गेले नाही. पाचव्या दिवसापासून दूध येणे बंद झाले होते, हे स्वयंपाकघर सांभाळणाऱ्यांखेरीज कोणाच्या ध्यानातही आले नव्हते. गेलेला मोबाइल परत मिळाला. गेलेली दुसरी गोष्ट परत मिळाली नाही, कारण ती गेल्याची नोंदच कोणी केली नव्हती. हे लिहिताना प्रस्तुत लेखक स्वतःला वगळू इच्छित नाही. तोही त्या दिवशी तेथे होता, आणि गप्प बसला होता.

या घटनेचा विचार करताना दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. सावधगिरी ही एक आणि संशय ही दुसरी. आपल्याकडे अशी समजूत आहे की, जो अधिक संशयी तो अधिक सावध. प्रत्यक्षात अनुभव नेमका उलट येतो. ज्याने आपल्या वस्तूंची व्यवस्था आधी लावलेली असते त्याला कोणाचा संशय घेण्याचे सहसा कारण पडत नाही. आणि ज्याने काहीच व्यवस्था केलेली नसते त्याच्याजवळ, वस्तू गेल्यावर, संशयाखेरीज काही उरत नाही. त्या शाळेच्या व्हरांड्यात एका विद्यार्थ्याला राखणीला बसवले असते आणि कोणी मोबाइल केव्हा लावला, केव्हा काढला याची एका कागदावर नोंद ठेवली असती, तर सतरंज्या गुंडाळण्यापूर्वीच तो मोबाइल हाती लागला असता.

कायद्याच्या लेखी तंबू हे घरच

तंबूला भिंत नसते आणि दाराला कडी नसते. म्हणून तंबूतून काही नेले तर ती जणू रस्त्यावर पडलेली वस्तू उचलण्यासारखी किरकोळ बाब आहे, असे सामान्यतः मानले जाते. कायदा तसे मानत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ३८० व्या कलमात माणसांच्या वास्तव्यासाठी वापरात असलेल्या इमारतीच्या जोडीनेच तंबू आणि जहाज यांचाही उल्लेख होता. ज्या काळात पलटणी, मोजणीदार आणि जमाबंदीच्या फिरतीवर निघालेले अंमलदार महिनोन् महिने राहुट्यांत राहत, त्या काळातील हा कायदा. त्याला तंबूचे घरपण उमगले होते यात नवल नाही. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि तिच्या ३०५ व्या कलमात हीच तरतूद कायम राहिली. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. राहत्या घरातील, आणि म्हणून राहत्या तंबूतील, चोरीला ती सात वर्षांपर्यंत जाऊ शकते. नव्या संहितेने याच कलमात वाहनाची आणि वाहनातील मालाची चोरी हीही घातली आहे. तेव्हा गडाच्या पायथ्याशी उभ्या मोटारीतून कोणी पिशवी लांबवली, तर तोही काही लहानसहान अपराध नव्हे.

कागदावरील हे संरक्षण प्रत्यक्षात मिळते काय, हा प्रश्न वेगळा. मुक्कामाची जागा एका तालुक्यात, पोलीस ठाणे वीस-पंचवीस किलोमीटरांवर, तक्रारदार दुसऱ्याच जिल्ह्याचा आणि सोमवारी त्याला कामावर हजर व्हायचे असते. अशा वेळी ठाण्यात पुष्कळदा 'मोबाइल गहाळ झाला' असा दाखला देऊन त्याची बोळवण केली जाते आणि तोही सुटलो म्हणून तो घेऊन निघतो. गहाळ होणे आणि चोरीला जाणे यांत फरक आहे. पहिल्यात दोष धांदरट मालकाचा ठरतो, दुसऱ्यात तपासाची जबाबदारी यंत्रणेवर येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाने आता स्पष्ट केले आहे की, दखलपात्र गुन्ह्याची खबर तो कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी देता येते. आपल्या गावी परतल्यावर तेथील ठाण्यातही शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. इलेक्ट्रॉनिक मार्गाने खबर दिल्यास तीन दिवसांत तिच्यावर सही करावयाची असते, आणि नोंदीची प्रत विनामूल्य मिळण्याचा खबर देणाऱ्याला हक्क आहे. हा हक्क वापरण्याची तसदी सुशिक्षितांनी तरी घेतली पाहिजे. नोंदच झाली नाही, तर कोणत्या वाटेवर, कोणत्या हंगामात चोऱ्या वाढल्या आहेत हे यंत्रणेला कळावे कसे?

व्यवस्था हेच कुलूप

मुक्कामावरील चोरीचे स्वरूप पाहिले तर तिच्यात चोराच्या धाडसाचा भाग फार थोडा आणि आपल्या गैरहजेरीचा भाग फार मोठा असतो, असे दिसून येईल. सूर्योदय पाहण्यासाठी सारा गट कड्यावर जातो आणि तंबू ओस पडतात. धबधब्याखाली सर्वजण एकाच वेळी उतरतात आणि कपडे, घड्याळे, पाकिटे काठावरच्या खडकावर राहतात. जेवणाची पंगत बसते तेव्हा व्हरांड्यात कोणी नसते. परतीच्या रात्री बसस्थानकावर थकून भागून सगळेच एकदम झोपी जातात. चार ठिकाणे, चार वेळा. पण दोष एकच. जे काम सर्वांचे असते ते कोणाचेच नसते.

यावर मोठी उपकरणे लागत नाहीत. तंबूच्या साखळीला लहानसे कुलूप लावण्याची पद्धत अलीकडे दिसते. तिचा उपयोग मर्यादित आहे. कापड चाकूने फाटते आणि कुलूप पाहून आत काहीतरी मोलाचे आहे अशी वर्दी मात्र परस्पर मिळते. त्यापेक्षा साधे नियम बरे. सोन्याचे दागिने, मूळ प्रमाणपत्रे आणि गरजेपेक्षा अधिक रोकड घरीच ठेवावी. पैसे दोन ठिकाणी विभागून ठेवावे. दिवसभराच्या खर्चापुरते खिशात आणि उरलेले अंगावरच्या आतल्या कप्प्यात. रात्री पाकीट आणि मोबाइल पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात न ठेवता स्लीपिंग बॅगच्या आत पायाशी ठेवावे. उशाखालची जागा सर्वांनाच माहीत असते. बूट तंबूच्या आत, प्लास्टिकच्या पिशवीत घालून घ्यावे. त्याने चोर टळतो आणि विंचूही टळतो. मोटारीत काही ठेवायचेच असेल तर ते घरून निघतानाच डिकीत ठेवावे; पायथ्याशी पोचल्यावर चार लोकांच्या देखत ठेवणे म्हणजे जागा दाखवून देणे होय. माथेरान-महाबळेश्वरकडे जाणाऱ्यांना आणखी एका चोराची ओळख आहे. त्याला दंड संहिता लागू नाही, तो झाडावरून येतो आणि खाऊच्या पिशवीबरोबर चष्माही नेतो. त्याच्याविरुद्ध एकच उपाय, खाद्यपदार्थ उघड्यावर न ठेवणे.

मोबाइलसंबंधी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण आज माणसाचे पाकीट, बँकेचे पासबुक, छायाचित्रांचा संग्रह आणि पत्त्यांची वही हे सर्व त्याच एका वस्तूत असते. *#०६# हे आकडे दाबले की मोबाइलचा पंधरा अंकी ओळखक्रमांक पडद्यावर दिसतो. तो निघण्यापूर्वी कागदावर लिहून घरी ठेवावा. केंद्र शासनाच्या 'संचार साथी' या व्यवस्थेद्वारे, मे २०२३ पासून देशभर, चोरीस गेलेला मोबाइल या क्रमांकाच्या आधारे बंद पाडता येतो. मात्र त्यासाठी पोलिसांकडील तक्रारीची प्रत लागते. बँकेला कळवून व्यवहार थांबवणे आणि सिम कार्ड बंद करणे, ही कामे तक्रारीच्याही आधी, सोबत्याच्या मोबाइलवरून करावयाची असतात. त्यासाठी लागणारे क्रमांक चोरीस गेलेल्या मोबाइलमध्येच असतील तर त्यांचा काय उपयोग? पाठपिशवीच्या तळाशी ठेवलेला एक घडीचा कागद अशा वेळी कामास येतो.

शिबिरांच्या बाबतीत व्यक्तीच्या सावधगिरीवर भिस्त ठेवून चालणार नाही. शंभर मुलांपैकी दहा धांदरट असणारच. तेथे जबाबदारी कार्यक्रम अधिकाऱ्यांची आणि त्यांनी नेमलेल्या विद्यार्थी-प्रमुखांची. पहिल्याच संध्याकाळी मौल्यवान वस्तू आणि रोकड पावती देऊन एका पेटीत जमा करावी. पेटीला दोन कुलुपे असावीत आणि किल्ल्या दोघांकडे. मोबाइल विजेवर लावण्याची जागा एकच असावी आणि तेथे पाळीने एक जण बसावा. रात्री दोन-दोन तासांच्या पाळ्या लावून जागते राहावे. राष्ट्रीय छात्रसेनेच्या शिबिरांतून पहाऱ्याची शिस्त मुलांना शिकवली जाते. तीच सेवा योजनेच्या शिबिरात आणण्यास अडचण कोणती? रात्री दोन वाजता शाळेच्या पायरीवर बसून गाव झोपलेले पाहणे हाही एक संस्कार आहे, आणि तो व्याख्यानांनी होत नाही.

पैसे घेऊन तंबूंची सोय करणाऱ्या व्यावसायिकांनाही येथे दोन शब्द सांगितले पाहिजेत. धरणांच्या काठांवर असा व्यवसाय बराच वाढला आहे आणि त्यातून स्थानिक तरुणांना रोजगार मिळतो, ही समाधानाची बाब आहे. परंतु 'सामानाची जबाबदारी ज्याची त्याने घ्यावी' अशी पाटी लावली की आपले कर्तव्य संपले, असे त्यांनी समजू नये. १८७२ च्या करार कायद्याच्या १५१ व्या कलमानुसार, ज्याच्या स्वाधीन वस्तू केली जाते त्याने, सामान्य समंजस माणूस तशाच परिस्थितीत स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी घेतली पाहिजे. स्वतःच्या तंबूत स्वतःजवळ ठेवलेल्या वस्तूबद्दल हे म्हणता येणार नाही. कचेरीत पावती घेऊन ठेवलेल्या पिशवीबद्दल मात्र म्हणता येते. रात्रभर जळणारा एक दिवा, एक राखणदार आणि कुलूपबंद कपाट एवढे तरी गिऱ्हाइकाच्या पैशांतून झालेच पाहिजे.

पालात राहणारे आणि तंबूत राहणारे

एवढे करूनही चोरी होऊ शकते. तेव्हा काय करायचे, हा खरा कसोटीचा प्रश्न आहे आणि आपण सुशिक्षित म्हणवणारे लोक तेथेच नापास होतो. वस्तू गेली की आपली नजर आपोआप एका विशिष्ट दिशेला जाते. गटात कोणी गरीब घरचा विद्यार्थी असेल तर त्याच्याकडे. नसेल तर दूधवाल्या पोराकडे, सरपण आणणाऱ्या बाईकडे, पायथ्याशी पाल ठोकून राहिलेल्या भटक्या कुटुंबाकडे. पुराव्याची वाट पाहण्याइतकाही धीर आपल्याला राहत नाही.

ही नजर आपल्याला कोठून मिळाली, याचा इतिहास शिक्षकांनी तरी विसरता कामा नये. ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढवली. त्यानुसार एका माणसाने काय केले हे न पाहता, तो कोणत्या जमातीत जन्मला यावरून त्याला गुन्हेगार ठरवण्याची सोय झाली. पालात राहणाऱ्या, गावोगाव फिरून पोट भरणाऱ्या जमातींना हजेरी द्यावी लागे. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत होती. स्वातंत्र्य मिळाल्यानंतर पाच वर्षांनी, १९५२ मध्ये, हा कायदा रद्द झाला. ३१ ऑगस्ट हा दिवस त्या जमाती विमुक्त दिन म्हणून पाळतात. कायदा गेला, पण त्याने लावलेली सवय गेली नाही. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले, विद्यापीठांनी ती अभ्यासासाठी नेमली आणि आपण त्यांवर परीक्षेत उत्तरे लिहून गुणही मिळवले. मग शिबिरात मोबाइल हरवला की त्या वाचनातले काहीच आपल्याला का आठवू नये?

यातील विसंगती विचार करण्याजोगी आहे. ज्यांना पोटासाठी पालात राहावे लागले त्यांच्या राहण्यालाच आपण चोरीचा पुरावा मानले. आणि आज आपण हौसेने, दोन रात्रींसाठी तंबूत राहायला जातो तेव्हा आपला तंबू मात्र घर मानला जावा, अशी आपली अपेक्षा असते. ती अपेक्षा रास्त आहे. पण कायद्याने तंबूला घर म्हटले आहे ते सर्वांच्या तंबूला. कोणाच्या पालात शिरून त्याच्या पेट्या उघडायला लावण्याचा अधिकार कोणाही कार्यक्रम अधिकाऱ्याला किंवा गिर्यारोहकाला नाही. संशयाला खरोखर आधार असेल तर तो पोलिसांना सांगावा. आधार नसेल तर तो मनातच ठेवावा.

विद्यार्थ्यांच्या झडतीबद्दलही हेच म्हणावे लागेल. सर्वांसमोर पिशव्या उलट्या करण्याने चोर क्वचित सापडतो. पण घरून आणलेली शिळी भाकरी, ठिगळ लावलेला सदरा, औषधांची चिठ्ठी असे ज्याचे त्याचे झाकून ठेवलेले जग उघड्यावर येते. आणि समजा, एखाद्या मुलाने मोहाच्या क्षणी खरोखरच काही उचलले असेल, तर ते परत ठेवण्याची वाट झडतीने बंद होते. रात्री एका खोलीत पेटी ठेवून, दिवा मालवून, 'ज्याच्याकडे चुकून आले असेल त्याने येथे ठेवावे' असे सांगण्याची जुन्या शिक्षकांची पद्धत भाबडी वाटेल. पण तिच्यात माणसाला सावरण्याची संधी होती. नव्या न्याय संहितेनेही साध्या चोरीच्या बाबतीत, माल पाच हजार रुपयांहून कमी किमतीचा असेल, अपराध पहिलाच असेल आणि माल वा त्याची किंमत परत केली असेल, तर तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. कायदा जेवढी उदारता दाखवतो, तेवढी तरी शिक्षकाने दाखवावी.

समाजआरतीचा धडा

ही व्यवस्था लावायची कशी याचा नमुना शोधण्यासाठी परदेशी पुस्तके पाहण्याची गरज नाही. दरवर्षी आषाढीच्या वाटेवर लाखो माणसे तीन आठवड्यांच्या आसपास उघड्यावर आणि राहुट्यांत मुक्काम करीत पंढरपूरला जातात. आपल्या देशातील तंबूंचा एवढा मोठा आणि एवढा शिस्तबद्ध मुक्काम दुसरीकडे क्वचितच दिसेल. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला आजचे रूप दिले ते एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी. दिंड्यांचे क्रमांक, त्यांच्या सामानाच्या गाड्या, उतरण्याच्या जागा हे सारे ठरलेले असते. मुक्कामावर पोचल्यावर समाजआरतीसाठी दिंड्या पालखीच्या तंबूभोवती उभ्या राहतात. चोपदार चोप उंचावतो आणि टाळ-मृदंगांचा गजर एकदम थांबतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवीत राहते. तिची तक्रार ऐकून घेतली जाते. मग दिवसभरात हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, दुसऱ्या दिवशीच्या प्रस्थानाची वेळ सांगितली जाते, आणि त्यानंतर आरती होते.

वारीत चोऱ्या होत नाहीत असे कोणी म्हणणार नाही. गर्दीत गळ्यातील मंगळसूत्रे जातात, खिसे कापले जातात, आणि पोलिसांना साध्या वेषातील पथके नेमावी लागतात. परंतु समाजआरतीची प्रथा येथे महत्त्वाची आहे. हरवल्याची आणि सापडल्याची गोष्ट तेथे कुजबुजीचा विषय होत नाही. ती सर्वांसमोर, देवाच्या साक्षीने, रोज ठरलेल्या वेळी बोलली जाते. ज्याला वस्तू सापडली त्याला ती आणून देण्याचे ठिकाण माहीत असते. ज्याची हरवली त्याला शेजारच्याकडे तिरप्या नजरेने पाहण्याआधी विचारण्याची जागा असते. कोणत्याही शिबिरात रोज संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी पाच मिनिटे 'हरवले-सापडले' यासाठी राखून ठेवली, तर केवढा फरक पडेल! प्रस्तुत लेखकाने वर्णिलेल्या शिबिरात अशी पाच मिनिटे असती, तर सतरंजीच्या घड्या उलगडून पाहण्याची आठवण कोणाला तरी झाली असती.

आणखी एका बाजूचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. मुक्कामावर चोरी होते ती केवळ आपलीच काय? शेकोटीसाठी कोणाच्या तरी कुंपणाच्या काट्या जातात, बांधावरची जांभळे आणि शेतातले हरभऱ्याचे डहाळे 'गंमत म्हणून' उपटले जातात, आणि त्याला चोरी हा शब्द लावण्याचे आपल्या मनातही येत नाही. चिपळूणच्या परिसरात छावणी करून राहिलेल्या फौजेच्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र शाळकरी मुलांनाही माहीत आहे. दाणा, वैरण, भाजीपाला जे लागेल ते बाजारातून रोख पैसे देऊन घ्यावे, रयतेला त्रास देऊन काही घेऊ नये, अशी त्यात ताकीद आहे. आणि उंदराने दिव्याची जळती वात ओढून नेली तर गवताला आग लागेल, इतकी बारीक सावधगिरीही त्याच पत्रात सांगितली आहे. आपल्या मालाची काळजी आणि दुसऱ्याच्या मालाची बूज एकाच पत्रात एकत्र नांदते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. छावणीची शिस्त म्हणतात ती हीच.

येत्या हंगामात शेकडो शिबिरे भरतील आणि हजारो तंबू पडतील. विद्यापीठांनी आणि महाविद्यालयांनी शिबिराच्या तयारीच्या यादीत फावडी, घमेली आणि औषधपेटी यांच्या जोडीला तीन गोष्टी लिहाव्यात: पावतीपुस्तक असलेली एक पेटी, रात्रपाळ्यांचा तक्ता आणि संध्याकाळची पाच मिनिटे. याला फारसा खर्च नाही. त्याबरोबर शिक्षकांनी निघण्यापूर्वीच विद्यार्थ्यांना एवढे सांगून ठेवावे की, काही हरवले तर आधी आपले अंथरूण झाडून पाहायचे, मग सर्वांना विचारायचे, मग पोलिसांकडे जायचे; गावातल्या कोणाच्या दारात मात्र जायचे नाही. आणि चुकून गेलोच, तर वस्तू सापडल्यावर त्याच दारात पुन्हा जायचे. त्या वाडीवर जाण्याचे धैर्य त्या दिवशी आमच्यापैकी एकालाही झाले नाही. पुढच्या शिबिरांतील मुलांवर ती पाळी येऊ नये, म्हणूनच हा लेखनप्रपंच.